दुसऱ्या साक्षीदाराची मिशी

वजनकाकांना फक्त एक माणूस शोधायचा होता. त्यात हसण्यासारखं काय आहे, हे त्यांना अजून कळलेलं नाही. लोक भाड्याची खोली शोधतात, मुलीसाठी नवरा शोधतात, त्यांना कोणी हसत नाही. काका एका माणसाला शोधायला निघाले, तर अख्ख्या इमारतीने ठरवून टाकलं की हे दुसरं लग्न करताहेत.

काका वजनमापे खात्यात निरीक्षक होते. निवृत्त झाले तरी भाजीवाल्याच्या काट्याकडे तिरकं बघायची सवय गेली नाही, म्हणून हे नाव पडलं. बायको गेली त्यानंतर काही दिवसांनी तिचं कपाट आवरताना त्यांना मृत्युपत्र सापडलं. घरातलं सगळं नवऱ्याला, असं त्यात होतं. पण वडिलांकडून तिला मिळालेल्या दोन खोल्या, जिथे ती शिवणाचा वर्ग चालवायची, त्या तिने तिच्याबरोबर शिकवणाऱ्या बाईंच्या नावावर केल्या होत्या. वर्ग बंद पडू नये, एवढंच कारण लिहिलं होतं.

खोल्यांचं काकांना काही वाटलं नाही. त्यांना लागलं ते वेगळंच. घरात नवा झाडू आणायचा तरी ती विचारायची, "कसा आणू, लांब दांड्याचा की आखूड?" आणि मृत्युपत्र केलं ते विचारलं नाही, सांगितलं नाही. त्यांनी तो कागद उलटसुलट करून पाहिला. आपलं नाव त्यात कुठे तरी प्रेमाने आलंय का, तेही पाहिलं. नाव होतं, पण पत्त्यासकट. सरकारी.

मेहुण्याला दाखवलं तर तो उसळलाच.

"हे ताईचं नाही, भावोजी. ताई मला न सांगता असं करणार नाही. आणि तारीख बघा ना! तेव्हा ती चांगली ठणठणीत होती. आजार कळला तो केवढ्या नंतर. धडधाकट बाई मृत्युपत्र कशाला करेल? त्या शिवणबाईनेच कोणाकडून तरी लिहून घेतलंय."

"सही तिचीच आहे रे."

"तुम्हाला सांगितलं होतं तिने?"

काकांनी कागदाची घडी घातली. मेहुण्याला तेवढं पुरलं. तो कोर्टात गेला. माणूस वाईट नव्हता. बहिणीने आपल्याला वगळलं हे त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं, आणि काकांना त्याचं दुःख फार जवळचं वाटायचं. कारण ते दोघेही एकाच बाकावर बसवलेले होते.

शिवणबाई घरी येऊन दारातच उभ्या राहिल्या. "काका, मला खोल्या नकोत. पण पोरी विचारतात, वर्ग राहणार का. मी काय सांगू?"

"राहणार म्हणून सांगा," काका म्हणाले, आणि सांगून बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आता काहीतरी करावं लागणार.

मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या होत्या. त्यातल्या एकाने तरी कोर्टात येऊन सांगायला हवं होतं की बाईंनी माझ्यासमोर सही केली आणि तेव्हा त्या शुद्धीत होत्या. पहिल्या साक्षीदार खालच्या मजल्यावरच्या मुख्याध्यापिका. त्या काकूंच्याही आधी गेल्या. दुसऱ्या साक्षीदाराला घरात कोणी ओळखत नव्हतं. नाव असं, की बाजारात हाक मारली तर निम्मा बाजार वळून बघेल. आणि पत्ता एका खाणावळीचा. तिथे आता फरशांचं दुकान होतं.

समोरच्या वहिनी म्हणाल्या, पेपरात फोटो द्या. फोटोच नाही म्हटल्यावर म्हणाल्या, मग तुमचा द्या, तो ओळखून येईल. इमारतीचे सेक्रेटरी म्हणाले, पोलिसात जा. काका गेले. पोलिसाने विचारलं, "हरवलेला तुमचा कोण?" काका म्हणाले, "कोणी नाही." "किती दिवसांपासून हरवलाय?" "हरवलाय असं नाही, तो त्याच्या घरी असेल. मलाच माहीत नाही कुठे." पोलिसाने पेन खाली ठेवलं आणि काकांना पाणी दिलं. घरी कोण कोण असतं, असं फार मायेने विचारलं.

शेवटी कोणीतरी शोधवकिलांचं नाव सुचवलं. हे वकील खटले कमी लढत आणि माणसं जास्त शोधत. परागंदा झालेले वारस, गायब झालेले साक्षीदार, हा त्यांचा धंदा. टायरच्या दुकानावर त्यांची खोली होती. त्यांची फिरती खुर्ची बसल्यावर हळूहळू खाली जायची. बोलणं सुरू झालं तेव्हा ते काकांपेक्षा उंच होते. मुद्द्यावर आले तोवर टेबलावर फक्त चष्मा आणि कपाळ उरलं होतं. मग ते उठत, खुर्ची वर ओढत आणि पुन्हा पहिल्यापासून उंच होत.

"नाव-पत्त्यावरून माणूस सापडत नाही, काका," ते वरून म्हणाले. "नाव बदलतं, पत्ता बदलतो. सवय बदलत नाही. वारस शोधायचा असला तर मी घरातला जुना फोटो मागतो. मधे बसलेल्यांना काही माहीत नसतं. कडेला तोंड फुगवून उभी असलेली आत्या असते ना, तिला गाठायचं. कोणी कोणी आपल्याला बोलावलं नाही हे तिला पत्त्यासकट पाठ असतं."

"इथे आत्या नाही," काका म्हणाले.

"म्हणून तर खाणावळवाली बघायची."

खाणावळवाली सापडली. ती मुलीकडे राहत होती. तिला नाव आठवेना, पण शोधवकिलांनी एकेक खूण विचारत 'मिशी?' म्हटल्यावर तिचा चेहरा उजळला. "तो होय! व्हॅक्युम क्लीनर विकायचा, दारोदार. बोलून बोलून डोकं खायचा. पण मिशी काय होती! कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याशिवाय कोणाचा हात लागू द्यायचा नाही. परगावी गेला तर मिशी तशीच घेऊन परत यायचा."

शोधवकील खूश झाले. "संपलं. बायको बदलेल, पण मिशीचा माणूस न्हावी बदलणार नाही. माझा माणूस एका वारसाच्या मागे बाहेरगावी गेलाय, तो आला की सलूनवर बसवतो. तुम्ही काही करू नका. मुख्य म्हणजे माझं कार्ड कुठे देऊ नका. वकिलाचं कार्ड बघून साक्षीदार जेवढा लांब पळतो तेवढा चोरही पळत नाही."

काकांनी मान डोलावली. पण निरीक्षकाची नोकरी केलेला माणूस, कुठे गेला तर ओळखपत्र दाखवल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. घरी जाता जाता ते सलूनमध्ये डोकावले. हो, येतो, सलूनवाला म्हणाला, मनाला येईल तेव्हा. फोन नंबर? गिऱ्हाइकाचा नंबर मी ठेवत नाही. तेव्हा काकांनी खिशातून वकिलांचं कार्ड काढलं आणि मागे सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'कोर्टाचे काम. अत्यंत तातडीचे. टाळू नये.' 'टाळू नये' खाली रेघही मारली, आणि कार्ड मिशीवाल्यासाठी सलूनवाल्याकडे ठेवलं.

मिशीवाला आला, कार्ड वाचलं आणि अर्धी मिशी कापायची ठेवून निघून गेला. सलूनवाल्याने हे सांगितलं तेव्हा त्याच्या आवाजात काकांबद्दल राग होता. त्याच्या कारकिर्दीतली ती पहिली अर्धी मिशी होती.

शोधवकील तेवढ्यात खुर्चीतून पार खाली गेले होते. खालूनच म्हणाले, "तो विक्रेता आहे, काका. त्याला वाटलं कोणा गिऱ्हाइकाने खटला भरला. आता तारीख जवळ आली. माझ्या माणसाला वेळ नाही. तुम्हीच बिघडवलंय, तुम्हीच बसा सलूनमध्ये. अर्धी मिशी घेऊन माणूस किती दिवस फिरेल? येईलच. फक्त तुम्ही वाट बघणाऱ्यासारखे दिसू नका. गिऱ्हाईक दिसा."

गिऱ्हाईक दिसायला गिऱ्हाईक व्हावं लागतं. सलूनमध्ये खुर्च्या मोजक्या, आणि सलूनवाला स्पष्टवक्ता. "काका, बसायचं तर काहीतरी करून घ्या. हे वाचनालय नाही."

काकांनी पहिल्या दिवशी केस कापले. दुसऱ्या दिवशी दाढी. मग डोक्याची मालिश. मालिशमध्ये त्यांना झोप लागली आणि 'एक मिशीवाले डोकावून गेले, पण गर्दी बघून फिरले' हे नंतर कळलं. त्यानंतर त्यांनी मालिश बंद केली. कापायला केस उरेनात. सलूनवाल्याने कानातले केस काढले, भुवया नीट केल्या. तेही संपलं. आता काय, असं दोघेही आरशात एकमेकांकडे बघत राहिले.

"फेशियल?" सलूनवाला म्हणाला.

काकांनी आयुष्यभर दुकानदारांची वजनं जप्त केली होती. त्यांच्या नुसत्या चालण्याने बाजारात शांतता पसरायची. त्याच काकांच्या तोंडाला पांढरा लेप लावून डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवण्यात आल्या. चकत्यांमुळे दार दिसेना, म्हणून एक काढायला लावली. एका डोळ्यावर काकडी आणि दुसरा दारावर रोखलेला, असे ते बसले असताना सेक्रेटरी दाढी करायला आत आले. थोडा वेळ उभे राहिले, आणि दाढी न करताच गेले.

मग केसांना रंग. रंग लावून बराच वेळ बसता येतं, एवढाच काकांचा विचार होता.

संध्याकाळी जिन्यात समोरच्या वहिनी भेटल्या. काळेभोर केस, चकाकणारे गाल, नीट केलेल्या भुवया. वहिनी पिशवी खाली ठेवून बघत राहिल्या.

"काका, एक बोलू? रागावणार नाही ना?"

"बोला."

"एकट्याने दिवस काढणं सोपं नाही हो. आम्ही समजतो. माझी एक मावसबहीण आहे. शाळेत होती. स्वभावाने अगदी शांत. तुम्ही नुसतं भेटा."

"वहिनी, मी साक्षीदार शोधतोय!"

"लग्नाला तीन लागतात, ते बघू आपण नंतर," वहिनी समजूतदारपणे म्हणाल्या.

रात्री मेहुण्याचा फोन. "भावोजी, ताईला जाऊन वर्ष नाही झालं. केस रंगवलेत म्हणे."

"ते साक्षीदारासाठी."

"साक्षीदारासाठी केस रंगवतात?"

खरं सांगितलं असतं तर विरुद्ध बाजूला आपली चाल सांगितल्यासारखं झालं असतं. काका म्हणाले, "तुझी ताई असती तर हसली असती." मेहुणा म्हणाला, "हो, हसली असती," आणि फोन ठेवला.

त्या रात्री काकांनी आरशात पाहिलं. आरशातला माणूस लग्नातल्या फोटोतल्यासारखा दिसत होता, फक्त कोणीतरी त्याला रात्रभर पावसात ठेवल्यासारखा. तिने आपल्याला का नाही सांगितलं, हा प्रश्न दिवसभर सलूनमध्ये विसरता यायचा. घरी आल्यावर तो जेवायला बरोबर बसायचा. खोल्या राहोत की जावोत, ती सही करताना तिच्यासमोर बसलेला एक माणूस जगात आहे, आणि तो आपण नाही, हे त्यांना सहन होत नव्हतं.

दुसऱ्या वेळचा रंग डोक्यावर चोपडलेला असताना मिशीवाला आला.

एका बाजूची मिशी कोरलेली, दुसऱ्या बाजूची ओठ ओलांडून हनुवटीला भेटायला निघालेली. दुसरा कोणी असणं शक्यच नव्हतं. सलूनवाल्याने न ठरवता एकदम डोळा मारला. तो डोळा मिशीवाल्याने पाहिला, आणि तो बाहेर पळाला.

काका उठले. गळ्याला बांधलेली चादर तशीच, डोक्यावरून काळा रंग कपाळावर ओघळतोय, आणि ते भर रस्त्यात धावताहेत. "थांबा! साक्ष! साक्ष!" लोक बाजूला झाले. चादर मागे फुगली होती. समोरून येणाऱ्या सेक्रेटरींनी पाहिलं, वळले आणि गल्लीत शिरले. मिशीवाला तरुण होता, अंतर वाढत चाललं. काकांना धाप लागली. तेव्हा त्यांच्या तोंडून आपोआप निघालं, "अहो, शिवणाच्या वर्गाच्या बाई! त्यांचा मी... त्यांचा नवरा!"

मिशीवाला थांबला. वळून परत आला.

"ज्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, त्या बाई?"

काकांनी मान हलवली. बोलायला श्वास नव्हता.

"अहो, मग तसं लिहायचं ना कार्डावर! कोर्ट काय, तातडीचं काय! एवढ्या वर्षांत शेवटपर्यंत ऐकून घेणारं एकच घर. कशा आहेत त्या?"

"गेल्या," काका म्हणाले.

त्याने खिशातून रुमाल काढला आणि काकांच्या डोळ्यांपाशी आलेला रंग पुसला. दोघे सलूनकडे परत चालत निघाले. वाटेत काकांनी शंभरदा तोंड उघडलं. पण शोधवकिलांनी बजावून ठेवलं होतं: साक्षीदार सापडला तर त्याच्याशी त्या दिवसाबद्दल अवाक्षर बोलायचं नाही, पढवला म्हणतील. एक चूक करून बसलेल्या माणसाची दुसरी करायची छाती होत नाही. काकांनी हवेबद्दल चौकशी केली.

शोधवकील साक्षीदाराला एकट्याने भेटले, आणि त्यानंतर ते काकांच्या नजरेला नजर देईनात. "तारखेला या म्हणजे झालं," एवढंच म्हणायचे. काकांना वाटलं, साक्ष कामाची नाही.

तारखेला मेहुणा समोरच्या बाकावर होता, शिवणबाई मागे. मिशीवाला पिंजऱ्यात उभा राहिला, दोन्ही बाजूंनी सारखा. त्याने आधी न्यायाधीशांच्या खुर्चीमागच्या जाजमाकडे निरखून पाहिलं, पण धंद्याचं काही बोलला नाही.

"बाई शुद्धीवर होत्या का?" शोधवकिलांनी विचारलं.

"माझ्यापेक्षा जास्त. मी बेल वाजवली, त्यांनी दार उघडलं. आधी तोंडावर बोट ठेवलं. म्हणाल्या, हळू बोला, आत हे झोपलेत. मी म्हटलं, बाई, व्हॅक्युम क्लीनर आहे. त्या म्हणाल्या, दाखवा, पण चालू करू नका. साहेब, यंत्र चालू न करता मी पहिल्यांदाच दाखवलं. नळी अशी फिरवत होतो, आणि आवाज तोंडाने, हळू..." त्याने भर कोर्टात ओठ मिटून मंद घुर्र केलं. लेखनिकाने टंकायचं थांबवून न्यायाधीशांकडे पाहिलं.

"आवाज नोंदवू नका," न्यायाधीश म्हणाले. "पुढे."

"खालच्या मुख्याध्यापिका आधीच बसलेल्या होत्या. बाई म्हणाल्या, घ्यायचं मला काही नाही, पण मी तुमचं ऐकलं, आता तुम्ही एक सही करा. माझ्या देखत त्यांनी सही केली, मग आम्ही दोघांनी केली."

मेहुण्याचा वकील उठला. "ठणठणीत बाईला मृत्युपत्राची एवढी घाई का होती, ते कळलं का तुम्हाला?"

मिशीवाल्याने काकांकडे पाहिलं. मग खाली पाहिलं.

"ठणठणीत नव्हत्या. मुख्याध्यापिकांनी विचारलं ना माझ्यासमोर, डॉक्टरांनी सांगितलेलं घरात बोललीस का? त्या म्हणाल्या, नाही. मुख्याध्यापिका रागावल्या. तर त्या हसल्या. म्हणाल्या, सांगितलं की हे भांडायचे बंद होतील माझ्याशी. भावाला सांगितलं तर तो रोज येऊन रडेल. मला अजून थोडे दिवस भांडायचंय."

मेहुण्याने आपल्या वकिलाच्या बाहीला धरून त्याला खाली बसवलं. "राहू दे," तो म्हणाला, "बस. ताईच आहे ती."

काकांना ती दुपार आठवली. झोपेतून उठून त्यांनी विचारलं होतं, कोण आलं होतं? कोणी नाही, विकणारा एक. मग ते तडकले होते. अनोळखी माणसाला घरात घेतेस, काही अक्कल? संध्याकाळपर्यंत वाद चालला होता. तिने एकही शब्द खाली पडू दिला नव्हता. आणि आजार कळल्यावर ते खरंच एकदाही भांडले नाहीत. इतके गोड वागले की ती एकदा कंटाळून म्हणाली होती, अहो, काहीतरी बोला की. त्यांना वाटलं होतं, तिला गप्पा हव्यात. त्यांनी पेपर वाचून दाखवला होता.

खोल्या वर्गाला राहिल्या. बाहेर शिवणबाई रडत होत्या आणि मेहुणा त्यांना पाणी देत होता. शोधवकील पुढच्या तारखेला पळाले. मिशीवाल्याने पिशवी खांद्याला लावली, तेवढ्यात काकांनी त्याचा हात धरला आणि त्याला कॉरिडॉरमधल्या बाकावर बसवलं.

"वेळ आहे तुम्हाला?"

"आहे की. काय हवं होतं?"

"पुन्हा सांगा."

"सगळं? कुठून सांगू?"

"बेल वाजवलीत तिथून," काका म्हणाले, "आणि यंत्राचंसुद्धा, काही गाळू नका."